पेट्रोलच्या जाहिरातींतील सामान्य माणूस

जुन्या मासिकांचीं पानें चाळतांना पेट्रोलची एखादी जाहिरात दृष्टीस पडली, कीं आम्हां प्रौढ मंडळींचें मन हळवें होतें. मोटारींत बसलेलें हंसतमुख कुटुंब, अदबीनें वांकलेला पंपावरील नोकर, आणि खालीं कंपनीची ग्वाही! त्या काळीं गिऱ्हाइकाला मान होता, असा उद्गार मग सहजच बाहेर पडतो. मुलांच्या कानांवर तो घरीं वारंवार येत असल्यामुळें त्याची थोडी झडती घ्यावी असें वाटतें.

बर्मा-शेल ही कंपनी १९२८ सालीं निघाली. आपल्या उपनगरांच्या शेजारीं, माहूलच्या किनाऱ्यावर, १९५४ सालीं स्टॅनव्हॅकचा (पुढें ती एस्सो झाली) आणि १९५५ सालीं बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. कारखाने शेजारीं शेजारीं, माल सारखाच. तेव्हां गिऱ्हाइकाची मनधरणी केल्यावांचून गत्यंतर नव्हतें. टाकींत वाघ घाला, अशी एस्सोची हांक तर जगभर गाजली. (वाघाचा आणि पेट्रोलचा संबंध काय, हें मात्र कोणी विचारलें नाहीं.) पुढें १९७४ सालीं एस्सो व १९७६ सालीं बर्मा-शेल सरकारच्या ताब्यांत गेली, त्यांतूनच आजच्या हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्या उभ्या राहिल्या. दर सरकारच ठरवूं लागल्यावर वाघाचें काम संपलें. तशांत १९७३ च्या तेलसंकटाचा चटका बसलेला होता. १९७८ सालीं इंधनबचतीसाठीं स्वतंत्र संस्था निघाली, आणि ज्या माणसाला टाकी भरण्याविषयीं काल विनवीत होते, त्यालाच आतां काटकसरीचा उपदेश होऊं लागला.

स्कूटरची हकीकत याहूनही बोलकी आहे. बजाजच्या स्कूटरसाठीं एके काळीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. त्या रांगेंतील माणसाचें कौतुक करण्याची कोणास निकड भासली नाहीं. १९८५ सालीं हीरो होंडाची मोटरसायकल आली. एकदां टाकी भरा, झांकण लावा आणि विसरा, अशी तिची जाहिरात. पेट्रोल कमी खाते, हेंच तिचें भांडवल. आणि मग १९८९ सालीं 'हमारा बजाज' अवतरलें! अलीक पदमसी यांच्या लिंटास संस्थेच्या त्या जाहिरातींत तुमच्या-आमच्यासारखीं माणसें स्कूटरवरून दूरदर्शनच्या पडद्यावर आलीं. ती मला आजही आवडते. घाटकोपर-मुलुंडच्या कितीएक घरांतून आई, बाप आणि पुढें उभें असलेलें मूल असेंच एका स्कूटरवरून निघत असे; तें चित्र खोटें नव्हतें. परंतु तें काढलें केव्हां? रांग होती तोंवर नव्हे; गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडे वळूं लागलें तेव्हां. मान मिळाला तो चढाओढीमुळें, कंपनीच्या मायेमुळें नव्हे.

माहूलचा रहिवासी मात्र कोणत्याही जाहिरातींत मला आढळला नाहीं. २०१५ सालीं राष्ट्रीय हरित लवादानें तेथील हवेमुळें माहूल व अंबापाडा येथील लोकांच्या प्रकृतीस धोका असल्याचें नमूद केलें. तरीही २०१७ सालीं तानसा जलवाहिनीलगतचीं घरें पाडल्यावर विद्याविहारकडील कुटुंबांना तेथेंच नेऊन वसविण्यांत आलें. त्यांच्यापैकीं मोटार किती जणांकडे असेल? पेट्रोलचा वास मात्र त्यांच्या वांट्यास पुरेपूर आला.

जुन्या जाहिराती जमविण्याचा छंद चांगला आहे. विद्यार्थ्यांनीं तो अवश्य करावा. मात्र प्रत्येक चित्राखालीं त्याचा सन लिहावा, आणि त्या सालीं पेट्रोलचा दर कोण ठरवीत असे, स्कूटरसाठीं किती वर्षें थांबावें लागे, हें आजी-आजोबांना विचारून टिपून ठेवावें. माहूलचें पान तेवढें तुम्हांला स्वतःच्या हातानें काढावें लागेल. तें छापील मिळावयाचें नाहीं.