न धावण्याचा खेळ

फुटबॉलमधून धावणे वजा केले तर बाकी काय उरते? प्रश्न थट्टेचा वाटतो. परंतु इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यातल्या चेस्टरफील्ड या गावी २०११ साली तो गंभीरपणे विचारला गेला आणि त्याचे उत्तर मैदानावरच मिळाले. तेथील व्यावसायिक फुटबॉल क्लबाशी संलग्न असलेल्या समाजकार्य न्यासाने पन्नाशी उलटलेल्यांसाठी चालत खेळावयाचा फुटबॉल सुरू केला. आज हा खेळ इंग्लंडभर रुजला असून त्या देशाच्या सीमाही त्याने ओलांडल्या आहेत.

त्याचा मुख्य नियम एकच. खेळाडूचा एक पाय सदैव जमिनीला टेकलेला असला पाहिजे. दोन्ही पाय सुटले की पंचाची शिट्टी वाजते आणि चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. अंगावर जाऊन चेंडू हिसकावणे वर्ज्य. चेंडू डोक्याच्या उंचीवर उडविणेही बहुतेक ठिकाणी निषिद्ध. मैदान लहान आणि प्रत्येक बाजूस पाच-सहा खेळाडू.

तरुण प्रेक्षक याला वृद्धांची समजूत घालण्याचा प्रकार म्हणेल. पण ते खरे नव्हे. कोणताही खेळ त्यातील मनाईमुळेच खेळ होतो. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा चेंडू हातात घेऊन पळण्यास बंदी करण्यात आली आणि त्या बंदीतून पायांचे कौशल्य फुलले. चेस्टरफील्डने त्यात आणखी एका बंदीची भर घातली, एवढेच. धावता येत नाही म्हटल्यावर वेगाचा तोरा संपतो आणि अचूक पास, मोकळी जागा हेरणारी नजर व सहकाऱ्याची जाण यांना मोल येते. हे गुण वयाबरोबर नाहीसे होतात असे नाही. पुष्कळदा ते पिकतात.

प्रकृतीचा हिशेबही या खेळाच्या बाजूने आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. शिवाय पासष्टीपुढील व्यक्तींनी किमान तीन दिवस तोल व ताकद वाढविणाऱ्या हालचाली कराव्यात. वृद्धापकाळी पडणे किती महागात जाते, हे घरोघरी ठाऊक आहे. चेंडूमागे चालताना वळावे लागते, थबकावे लागते, क्षणभर एका पायावर उभे राहावे लागते. सरळ रस्त्यावरच्या फेरफटक्यात तोलाची अशी परीक्षा होत नाही. अर्थात हृदयविकार वा सांधेदुखी असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून मैदानात उतरू नये. ईर्ष्या वयाबरोबर निवृत्त होत नाही आणि भरभर चालणे कोठे संपले व धावणे कोठे सुरू झाले यावरून तेथेही पंचांशी वाद झडतात!

तथापि या खेळाचे खरे आकर्षण औषधाच्या पुडीत बांधता येण्याजोगे नाही. ब्रिटिश सरकारने जानेवारी २०१८ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला आणि ती जबाबदारी क्रीडाखाते सांभाळणाऱ्या मंत्र्याकडेच सोपविली. हा योग बोलका आहे. नोकरी सुटली की माणसाचे केवळ वेतन थांबत नाही. आपली कोणी वाट पाहत आहे, ही भावनाही थांबते. एकट्याने फिरावयास जाणारा एक दिवस गेला नाही, तर कोणाचे अडत नाही. संघातला बचावपटू आला नाही, तर मात्र संघ अडतो. आपल्यावाचून कोणाचे तरी अडावे, ही वार्धक्यातील मोठी भूक आहे.

महाराष्ट्रात बहुसंख्य सरकारी कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात. त्यांतील कित्येकांपुढे वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य उभे असते. त्यांच्यासाठी समाजाने राखून ठेवले आहे ते बहुधा बागेतले बाक. हास्यक्लबाची कल्पना १९९५ मध्ये मुंबईतच जन्मली आणि जगभर गेली. तेव्हा वयस्कांना एकत्र आणण्याची कल्पकता येथे नाही, असे म्हणता येणार नाही. उणीव आहे ती मैदानांची आणि त्याहून अधिक, वृद्धांनाही मैदान लागते या जाणिवेची. चालत्या फुटबॉलला फार मोठी जागा लागत नाही. शाळा भरण्यापूर्वी तिच्या पटांगणाचा एक कोपरा तासभर मोकळा करून दिला, तरी काम भागेल. त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. मुख्याध्यापकांची अनुमती, एक चेंडू आणि शिट्टी वाजवणारा निःपक्षपाती माणूस एवढे पुरे.

‘आता हे खेळण्याचे वय राहिले का?’ असा प्रश्न आपल्या घरांतून सहज केला जातो. विचारणाऱ्याचा हेतू काळजीचा असतो, परंतु त्या काळजीनेच धडधाकट माणूस खुर्चीत बसविला जातो. खेळाचे वय सरत नाही. फक्त धावण्याचे सरते. तेवढे ओळखून नियम बदलण्याचे शहाणपण एका लहानशा गावाने दाखविले. ते उचलण्यास कोणाचीच हरकत नसावी.