चौथ्या दिवसाचे नियोजन कुठे आहे?

माननीय संचालक महोदय,


आपल्या संस्थेचे नाव मी इथे मुद्दाम घेत नाही. पत्र कोणाला आहे ते आपल्याला कळेल. मी सीताबर्डीत राहणारा, इथल्या एका ख्रिस्ती मंडळीचा साधा सभासद. गेल्या हिवाळ्यात आपण नागपुरात तीन दिवसांचा सुवार्ता महोत्सव घेतला, त्याच्या तयारीत मी चार महिने राबलो. मंडप केवढा, लाऊडस्पीकर किती, पहिले भजन किती मिनिटांचे, सारे आपल्या परदेशातल्या कचेरीतून ठरून आले. ख्रिस्ताला स्वीकारण्याचा निर्णय घेऊन पुढे यायला लोकांना चार मिनिटे दिली होती. चौथ्या दिवशी काय करायचे, याची मात्र त्या कागदांत एक ओळही नव्हती. का नव्हती?

तोंडी शब्द आपण दिला होता. बर्डीतल्या आमच्या सभागृहात उभे राहून दिला होता. मराठी पुस्तके पाठवू, घरभेटी करणाऱ्या दोघांचा वर्षभराचा खर्च उचलू, महिन्याभरात स्वतः येऊ. यातले काय झाले, ते आपण जाणताच. पुढे आलेल्या लोकांनी भरून दिलेली नावपत्त्याची कार्डे आमच्या चर्चच्या वेस्ट्रीत, पाळकांच्या खोलीत, बिस्किटांच्या खोक्यात पडून आहेत. काहींवरची पेन्सिलीची अक्षरे आता पुसट होत चालली आहेत. एकावर पत्त्याच्या जागी लिहिले आहे, ‘घरी येऊ नका, फोन करा.’

मी फोन केला. त्या बाईंनी आधी विचारले, पुस्तक आले का? मग सांगितले, की मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या आहेत, कारण मंचावरून तसे सांगितले होते. मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले. महोदय, याच बर्डीत स्कॉटिश मिशनने बायाबापड्यांसाठी म्युर मेमोरियल हॉस्पिटल उभारले. तिथेच राहणाऱ्या बाईला औषध सोडायला सांगण्याचा अधिकार आपल्या वक्त्याला कोणी दिला? मंचावर काय बोलायचे, हेही आपल्या कचेरीने तपासले होते ना?

आपले वक्ते पर्यटक व्हिसावर आले होते, आणि अशा व्हिसावर आलेल्याला आमच्या देशात धर्मप्रचाराची भाषणे करता येत नाहीत. हा नियम आपल्याला ठाऊक नव्हता, असे मी मानत नाही. वक्ते विमानाने निघून गेले आणि पोलीस ठाण्यात दोन दिवस बसले आमचे पाळकसाहेब. नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते, तेव्हा १९५४ मध्ये सरकारने मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी न्या. भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालाने परदेशी पैशावर बोट ठेवले. ते बोट आजही आमच्याकडे वळते, आपल्याकडे नाही. हे माहीत असताना आपण आम्हाला पुढे का केले?

सुवार्ता सांगू नका, असे मी कधीच म्हणणार नाही. ती सांगणारे इथे आले म्हणूनच माझे आजोबा या मंडळीत आले. पण कसे आले ते लोक? स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, मराठी शिकले, शाळा काढली, गोंडांची गाणी आणि कथा टिपून घेतल्या. १८६३ मध्ये टाकळघाटाजवळ पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार पडला तो नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत, एका सहप्रवाशाकडून. ते वाचत राहिले, झगडत राहिले, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना कोणी चार मिनिटे दिली नव्हती.

गेल्या आठवड्यात आपले पत्र आले. पुढच्या वर्षीसाठी आणखी मोठे मैदान पाहून ठेवा, असे त्यात लिहिले आहे. मंडपवाल्याची बाकी आमच्या वर्गणीतून अजून फिटते आहे, ती आपण कधी देणार? पुस्तके कधी येणार? ठाण्यात जाऊन सारी जबाबदारी आपली होती, असे लेखी देणार का? याची उत्तरे येईपर्यंत मी कुठलेही मैदान पाहायला जाणार नाही.

त्या बाईंना येत्या रविवारी मला पुन्हा फोन करायचा आहे. पुस्तकाचे त्या विचारतीलच. आपल्या वतीने काय सांगू?

आपला,
सीताबर्डीतील एक सभासद