तूप, तुप्प आणि गोळ्यांची पट्टी

इंदूरच्या एका वाचकभगिनींनी पत्राने विचारले आहे, "आमच्या सासूबाई नातवासाठी पंचगव्य घृताचा आग्रह धरतात. तुमच्या भागात जुने लोक हे घेत असत काय?" घेत असत, आजही घेतात. पण या प्रश्नाचे उत्तर देताना माझी लेखणी थोडी अडखळते. कारण पुढे येईलच.

श्रावणीला जानवे बदलताना तळहातावर पडणारे पंचगव्य आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. नाक मुरडले की पाठीत धपाटा ठरलेला! परंतु तो झाला शुद्धीचा विधी. औषधाचे पंचगव्य निराळे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अपस्माराचा, म्हणजे आपल्या बोलीतल्या फेफऱ्याचा, अध्याय आहे. गाईच्या शेणाचा रस, दही, दूध व गोमूत्र ही सर्व तुपाइतकीच घेऊन त्यांत ते तूप सिद्ध करावे, असे तेथे सांगितले आहे. मंद आचेवर पाण्याचा अंश आटेपर्यंत शिजवावयाचे आणि गाळून घ्यावयाचे. कावीळ व ज्वर यांवरही ते सांगितलेले आहे. गंमत अशी की संहितेने औषधी मूत्रे मोजली ती आठ, आणि त्यांत शेळी, उंट, हत्ती, एवढेच काय पण गाढवही आहे. गाढवाची आठवण मात्र कोणी काढीत नाही.

आमच्या आजीचे औषध म्हणजे शतधौत घृत. तांब्याच्या परातीत गाईचे तूप घ्यावयाचे, पाणी घालून तांब्याच्या बुडाने घोटावयाचे, पाणी ओतून द्यावयाचे, पुन्हा नवे घालावयाचे. असे शंभर वेळा. आजी चिंचोके मांडून मोजी. शेजारची कानडी बाई मदतीला बसे. ती म्हणे 'तुप्प', आजी म्हणे 'तूप', आणि परातीत दोघींचे मिळून लोण्यासारखे पांढरेशुभ्र मलम तयार होई. उन्हाळ्यात पायांची आग होई तेव्हा ते लावले की जो गारवा वाटे, तो मला अजून आठवतो. भाजल्यावर मात्र ते लगेच लावू नये. आधी वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे आणि मग डॉक्टरांना दाखवावे. हे आजीला ठाऊक नव्हते.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत सातवीच्या वर्गातील एक मुलगा प्रार्थनेच्या वेळी फेफरे येऊन पडला. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि झटके थांबले. पुढे त्याचे आजोबा माझ्याकडे आले. हातात घृताची बरणी होती. "गुरुजी, तुम्ही मराठीचे एम. ए., जुने ग्रंथ वाचता. हे खरेच ग्रंथात आहे का?" मी उत्साहाने चरकाची मराठी भाषांतरित प्रत काढली आणि तो भाग वाचून दाखवला. ग्रंथात आहे एवढेच मी सांगितले. गोळ्या थांबवू नका हे सांगावयाचे माझ्या ध्यानातच आले नाही. त्यांनी ते वाचन परवानगी समजून घेतले. पंधरा-वीस दिवसांनी मुलाला झटक्यामागून झटके येऊ लागले, आणि रात्री जीपमधून त्याला बेळगावला न्यावे लागले. ही औषधे एकाएकी बंद केली तर असेच होते, प्रसंगी जीवही जातो, हे त्या रात्री मला दवाखान्याच्या बाकावर कळले. आजोबांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

त्यानंतर मी या विषयावर थोडे वाचन केले. २००२ साली गोमूत्राच्या अर्काला अमेरिकेत पेटंट मिळाले, असे पुष्कळजण अभिमानाने सांगतात. ते खरे आहे. ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने मिळवले, आणि नागपूर जिल्ह्यातील देवलापारचे गोविज्ञान अनुसंधान केंद्र त्या कामात सहभागी होते. पण त्यातील दावा काय? प्रतिजैविकासोबत अर्क दिल्यास प्रतिजैविकाचा प्रभाव वाढतो. म्हणजे तेथेही गोळी आहेच! शिवाय पेटंट ही नव्या कल्पनेची नोंद असते, रोगी बरा झाल्याचा दाखला नव्हे. उलट बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेतील अभ्यासात निरोगी गाईबैलांच्या ताज्या मूत्रात अपायकारक जीवाणू आढळल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. आणि नवजात बालकाच्या नाळेला शेण लावण्याची जी चाल खेड्यांत होती, तिने धनुर्वाताने किती पाळणे रिकामे केले असतील! चरकाने तर नाळ पिकल्यास लोध्र, ज्येष्ठमध, हळद इत्यादींनी सिद्ध केलेले तेल सांगितले आहे. शेण आपण आपल्याच मनाने लावले.

तेव्हा भगिनी, सासूबाईंना दुखवू नका. घृत द्यावयाचे की नाही, हे पदवीधर वैद्य व मुलाचे डॉक्टर या दोघांनाही विचारा, एकाचे दुसऱ्यापासून लपवू नका, आणि चालू असलेली गोळी एक दिवसही चुकवू नका.

तो मुलगा गेल्या वर्षी दहावी झाला. पेढे द्यावयाला आला तेव्हा सांगत होता, बरणी अजून देवघरात आहे आणि आजोबा गोळ्यांची पट्टी तिच्याच शेजारी ठेवतात.