घरच्यांकडून हरल्यावर

हरण्याचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे लांबच्या माणसाकडून हरणं. दिल्लीने हरवलं, कर्नाटकाने हरवलं, की आपण दोन दिवस हळहळतो आणि तिसऱ्या दिवशी तुरीचा भाव काय निघाला ते बघायला लागतो. दुसरा प्रकार म्हणजे घरच्याकडून हरणं. हे फार दिवस टिकतं, कारण हरवणारा उठून आपल्या मुलखात निघून जात नाही. तो लग्नात भेटतो, तेरवीला भेटतो, आपल्याच पंगतीत मांडी घालून बसतो आणि वरणात तूप पडायच्या आत विचारतो, "मग? काय म्हणतो तुमचा विदर्भ?"

फुटबॉलवाल्यांकडे अशा सामन्याला 'डर्बी' असा शब्द आहे. मँचेस्टरचे दोन संघ, मिलानचे दोन संघ, कोलकात्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. आमच्या अमरावती-अकोल्याकडे पोरांच्या अंगात युनायटेडच्या जर्सी भरपूर दिसतात, पण घशाखाली घास उतरत नाही तो क्रिकेटमुळेच. आमची डर्बी म्हणजे रणजीतली विदर्भ विरुद्ध मुंबई. राज्य एक, मंत्रालय एक, भाषा एक (निदान कागदोपत्री तरी!), आणि संघ मात्र वेगळे.

तर मंडळी, मार्च २०२४ची वानखेडेवरची फायनल. आता इतके दिवस उलटून गेल्यावर ते कशाला उकरून काढायचं, असं तुम्ही म्हणाल. पण मला वाटतं अशा हरण्याबद्दल लिहायची वेळ नंतरच येते. त्या आठवड्यात जे लिहिलं जातं, त्यात शिव्या जास्त असतात.

राज्यातले दोन संघ रणजीच्या फायनलला भिडण्याची वेळ त्याआधी १९७०-७१ साली आली होती, मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात. तेव्हाही मुंबईच जिंकली. म्हणजे अर्धशतकाने योग आला तो आमच्या वाट्याला. आणि सुरुवात काय झाली होती राजेहो! आपण टॉस जिंकला, बॉलिंग घेतली, मुंबई बिनबाद ८१ वरून ६ बाद १११. अकोल्याच्या मामांचा फोन, "पाह्यलं का? आता दीडशेत गुंडाळते यायले." मग शार्दुल ठाकूर आला आणि ६९ चेंडूंत ७५ करून गेला. मुंबई २२४. तरीही काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पुढे. आपण सगळे मिळून १०५.

एकशे पाच. हा आकडा त्या आठवड्यात आमच्या घरात कोणी मोठ्याने उच्चारत नव्हतं.

दुसऱ्या डावात १९ वर्षांच्या मुशीर खानने १३६ केले, श्रेयस अय्यरने ९५, अजिंक्य रहाणेने ७३. विदर्भापुढे ५३८चं लक्ष्य. खरं तर इथे सामना संपला होता. पण आपली पोरं संपली नव्हती, आणि डर्बीतलं खरं दुखणं इथेच असतं. करुण नायर ७४ करून गेला तेव्हा ५ बाद २२३. मग कप्तान अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी जे पाय रोवले, ते शेवटच्या दिवशी सकाळचं अख्खं सत्र एकही विकेट पडू दिली नाही. १३० धावांची भागीदारी. गुरुवार होता, कामाचा दिवस. अमरावतीत कितीतरी टेबलांवर त्या दुपारी फाइलखाली मोबाईल असणार. वाडकरचं शतक झालं. आणि मग ३५३वर तो गेला, नि पुढच्या १५ धावांत उरलेले सगळे. ३६८ ऑल आउट. मुंबई १६९ धावांनी जिंकली, ४२व्यांदा. शेवटची विकेट धवल कुलकर्णीने काढली, आपल्या शेवटच्या सामन्यात, उमेश यादवचा त्रिफळा उडवून.

पहिल्याच दिवशी सगळं आटोपलं असतं तर सोपं गेलं असतं. आशा लावून हरणं वाईट.

माझा भाचा डोंबिवलीत जन्मला, तिथेच वाढला. आई अमरावतीची, वडील अकोल्याचे. रक्तात थेंबभरही कोकण नाही. त्या दुपारी त्याचा मेसेज आला: "मामा, ४२!!" पुढे तीन हसरे चेहरे. मी उत्तर दिलं नाही. त्याच्या आईने फोन करून विचारलं, "कावून रे, रागावला का पोरावर?" रागावलो नव्हतो. पण त्या दिवशी लख्ख कळलं की विदर्भ एक्स्प्रेसने, अमरावती एक्स्प्रेसने आपण इतकी वर्षं जी माणसं मुंबईला पाठवली, त्यांची पोरं आता तिकडची झाली. स्कोअरकार्डात हे कुठे लिहिलेलं नसतं. आमची डर्बी दोन शहरांमधली नाहीच. ती घरातल्या दोन पिढ्यांमधली आहे, आणि त्यातली एक पिढी दादर स्टेशनवर उतरून गेलेली आहे.

हरल्यावर माणसं काय करतात याचे मी तीन प्रकार पाहिले.

पहिला प्रकार सबबींचा. फायनल त्यांच्याच मैदानावर ठेवली, त्यांच्याकडे कसोटी खेळलेले इतके, आपल्याकडे किती. पण वानखेडेवर पहिल्या दिवशी ६ बाद १११ ज्यांचे झाले ते मुंबईकरच होते. आणि कसोटी खेळलेले म्हणाल, तर उमेश आपल्याकडेही होता आणि कसोटीत त्रिशतक ठोकलेला करुण नायरही. सबबीचा तोटा असा, की ती हार आपल्याकडून काढून घेते. हार काढून घेतली की वाडकरचं शतकही गेलंच की! सामना आधीच लुटलेला असेल, तर ती सकाळ कशासाठी खेळले ते दोघं?

दुसरा प्रकार आम्हा वऱ्हाड्यांचा खास. अनुशेष. १९५३चा नागपूर करार, १९८४चा दांडेकर समितीचा अहवाल, सिंचन, नोकऱ्या, आणि त्याच दमात १०५ ऑल आउट. म्हणजे कापसाला पाणी मिळालं नाही म्हणून तनुष कोटियनचा चेंडू वळला! अनुशेष खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो खरा आहे, म्हणूनच तो क्रिकेटच्या पोत्यात भरू नये असं म्हणतो. खरी तक्रार हारलेल्या सामन्याच्या तोंडी दिली की ऐकणारा दोन्हीला हसतो. शिवाय 'मुंबई' म्हणून आपण ज्याला शिव्या घालतो तो कोण? रहाणे संगमनेरकडच्या खेड्यातला. शार्दुल पालघरचा, लोकलचे धक्के खाऊन मैदानावर जाणारा. आणि आपल्याला २०१७-१८ साली पहिली रणजी मिळवून देणारा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित कुठला? मुंबईचा. तेव्हा आपल्याकडून खेळणारा वसीम जाफर? तोही मुंबईचा. १९५७-५८ पासून खेळतोय आपण, साठ वर्षांनी करंडक आला, तो आणताना मुंबईचा हात लागला म्हणून कोणी परत केला नाही.

आणि आपलंही खरं सांगू का? विदर्भ म्हटलं की आम्हा वऱ्हाडाच्या लोकांच्या मनात एक बारीक काटा असतोच. मैदान जामठ्याला, असोसिएशन नागपूरला. नागपूरकर मुंबईबद्दल जे बोलतो, तेच आम्ही नागपूरबद्दल बोलतो. आणि अकोलेकर तेच अमरावतीबद्दल बोलतो, की विभागाचं ठिकाण तुमच्याकडे नेलं. त्यावर अमरावतीकर म्हणतो, पंजाबराव आमचे नि त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ तुमच्याकडे! दोन गावांमधला ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा २०२२ साली १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला, पण या गावचं मन त्या गावाला अजून पुरतं जोडलेलं नाही. (तिथेही १०५च. असो.) पण अथर्व तायडे आणि आदित्य ठाकरे, दोघे अकोल्याचे, वानखेडेवर विदर्भाच्या टोपीत उतरले, तेव्हा अमरावतीत कोणी "अकोल्याचे आहेत" असं तोंड वाकडं करून म्हटलं नाही. ते पाच दिवस आम्ही सगळे एक होतो. हे जिंकल्याने झालं नाही. आपल्या सगळ्यांहून मोठा शेजारी समोर उभा होता म्हणून झालं.

तिसरा प्रकार मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ३० सप्टेंबर १९७५ला आयएफए शील्डच्या फायनलमध्ये ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० हरवलं. ईस्ट बंगाल जिंकलं की हिलसा आणि बागान जिंकलं की कोळंबी, असं ज्या शहरात घराघरांत ठरलेलं, तिथे पाच गोल! चाहत्यांच्या भीतीने बागानच्या काही खेळाडूंनी रात्र गंगेवरच्या होडीत काढली असं सांगतात. त्याच हारीपायी बागानच्या एका तरुण चाहत्याने जीव दिला. पुढच्या जन्मी बागानचा चांगला खेळाडू होऊन याचा बदला घेईन, अशा अर्थाचं लिहून ठेवलं त्याने. कोणी कोणी ही गोष्ट निष्ठेची परमावधी म्हणून सांगतात. मला ती तशी ऐकवत नाही. आपण वऱ्हाडातली माणसं. आत्महत्या हा शब्द आपल्याकडे जपून उच्चारावा लागतो, कारण तो प्रत्येक तालुक्यातल्या कुठल्या ना कुठल्या ओट्यावर जाऊन बसलेला आहे. त्या पोराजवळ त्या रात्री कोणी बसलेलं होतं का, एवढाच प्रश्न मला पडतो.

आणि माझा मुद्दा इथेच आहे. हरलेल्या सामन्याचा उपयोग काय, तर एकमेकांजवळ बसण्यासाठी. आमच्याकडचा बाप्या सोयाबीनचं पीक गेलं तर बोलत नाही. मुलाची नोकरी गेली, मुलीचं लग्न मोडलं, गप्प. पण त्या गुरुवारी संध्याकाळी पानठेल्यावर जो तो बोलत होता. "वाडकर अजून तासभर राह्यला असता ना..." "दुबेनं लय जीव लावला पण." वर्षभर ज्याच्याकडून हूं की चूं ऐकलं नाही असा आमच्या गल्लीतला एक माणूस पाव तास बोलला, आणि बोलता बोलता क्रिकेटवरून स्वतःच्या विहिरीवर आला. बाकीच्यांनी ऐकून घेतलं. सामना जिंकलो असतो तर फटाके वाजले असते आणि तो माणूस घरी गेला असता.

आमच्या जिल्ह्यात तळेगाव दशासरचा शंकरपट प्रसिद्ध आहे. पटावर शेजारच्या गावच्या जोडीने आपल्या जोडीला मागे टाकलं, की मालक आधी बैलांकडे जातो. त्यांच्या पाठीवरून हात फिरवतो, पाणी दाखवतो. भांडण असेल तर ते त्यानंतर. मला हा क्रम फार आवडतो. आधी आपली जोडी, मग बाकीचं.

आता तुम्ही म्हणाल, पुढच्या वर्षी फिटंफाट झाली की! झाली. फेब्रुवारी २०२५ला नागपुरात सेमीफायनल, यश राठोडचे १५१, मुंबईला ४०६चं लक्ष्य, आणि आपण ८० धावांनी जिंकलो. मग केरळशी फायनल अनिर्णित राहिली आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसरी रणजी आली. त्या केरळकडून आदित्य सरवटे खेळत होता. तोच सरवटे, ज्याने २०१९च्या फायनलमध्ये विदर्भासाठी ११ बळी घेतले होते. त्याने आपल्याविरुद्ध ७९ केले आणि जामठ्यावर त्याला परका म्हणायला निदान माझी जीभ उचलली नाही.

पण २०२५च्या विजयाने २०२४ची हार पुसली जात नाही, आणि पुसूही नये. ती वेगळी वही आहे. सेमीफायनल जिंकल्यावर मामांनी मला सुचवलं, "डोंबिवलीले मेसेज टाक, चांगला मोठा." मी नाही टाकला. मोठेपणा म्हणून नव्हे. त्या पोराचा संघ हरला होता, दुपार त्याची तशीच गेली असणार जशी माझी गेली होती. संध्याकाळी मी त्याला फोन केला आणि फक्त विचारलं, "जेवला का?" पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "मामा, तुमचा तो दुबे भारी आहे हो."

'तुमचा' म्हणाला. चालायचंच. डर्बीत एवढं तरी अंतर हवं, नाहीतर खेळायचं कोणाशी? पण शेजाऱ्याकडून हरलेल्या माणसाला पहिल्या दिवशी जेवलास का एवढंच विचारावं, आणि टोमणा लग्नाच्या पंगतीसाठी राखून ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पंगतीत त्याच्या पानात वरण-भातावर तूप वाढून झालं, की मग खुशाल विचारा.