बालेकिल्ल्याचा दरवाजा

(द्वितीय वर्ष कला)

माझे गाव वेल्ह्याकडचे. या तालुक्याला आता राजगड म्हणतात, पण एस.टी.त तिकीट मागताना आमच्या तोंडी अजून वेल्हेच येते. गावात कुणाच्या घरी काय शिजले हे संध्याकाळपर्यंत सर्वांना ठाऊक होते. त्याचा जाच होतो, हे खरे, पण माझी आजी म्हणते, "गावाचं तोंड चार दिवस." पाचव्या दिवशी गावाला दुसरा विषय मिळतो. मोबाईलचे तसे नाही. तेथे टाकलेले चित्र आपण पुसले तरी दुसऱ्याच्या फोनमध्ये राहते आणि चार वर्षांनीही कुणी ते उकरून काढू शकतो. आजीचा हिशेब येथे चुकतो.

हे सुचायला एक प्रसंग कारण झाला. माझ्या एका मैत्रिणीने स्नेहसंमेलनातल्या नाचाचा फोटो इन्स्टाग्रामवर ठेवला. कुणीतरी तो उचलून तिच्या नावाचे खोटे खाते उघडले आणि अनोळखी मुलांना नको ते संदेश पाठवले. बातमी गावात पोचली. वडिलांनी तिचा फोन काढून घेतला आणि कॉलेजही बंद केले. तिच्या घरातून बारावीपुढे गेलेली ती पहिलीच. खोटे खाते उघडणारा मोकळा राहिला. शिक्षा तिला झाली.

यावर मी दोन मते ऐकली. वडीलधारे म्हणतात, मुलींना फोनच देऊ नये. वर्गातले काहीजण म्हणतात, ज्याला लपवायचे काही नाही त्याने भ्यायचे कशाला? मला दोन्ही पटत नाहीत. आज शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, भरतीची जाहिरात सारे फोनवरच येते. फोन काढून घेतला की या वाटाही बंद होतात.

दुसऱ्या मताला उत्तर आमच्या राजगडावर आहे. गडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत आणि सर्वांच्या वर बालेकिल्ला. माचीवर आला म्हणून कुणीही सहज बालेकिल्ल्यात शिरावा अशी त्याची रचनाच नाही. तेथे वेगळी अवघड चढण आणि वेगळा दरवाजा आहे. म्हणून बालेकिल्ल्यात काही पाप दडवले होते असे कुणी म्हणत नाही. माणसालाही असा एक बालेकिल्ला असतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो हक्क शहरातल्यांना आहे तसाच वेल्ह्यातल्या मुलीलाही आहे.

आता माझ्या बंधूंना दोन शब्द. आपल्याकडची कितीतरी मुले पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावतात. त्यांतलेच काही वाढदिवसाला कोयत्याने केक कापतात आणि ते चित्रण सर्वांना दाखवतात. पुणे परिसरात अशा चित्रणांवरून गुन्हे दाखल झाले आहेत. भरतीत चारित्र्य पडताळणी असते, हे धावताना आठवते आणि केक कापताना विसरते! उद्या नोकरी देणारा आपल्याला भेटण्याआधी आपले खाते पाहील. त्याला तेथे कोयता दिसावा की आपण केलेले काम दिसावे, हे आपल्या हातात आहे.

पण जपून राहणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला एका तरुणीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर मत लिहिले, दुसरीने त्याला पसंती दिली आणि दोघींना अटक झाली. त्यांना लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. म्हणजे मत मांडणे हा गुन्हा नव्हता. विचार माचीवर बिनधास्त मांडावेत. घरचा पत्ता, फोन नंबर, ओटीपी आणि आपण आत्ता कोठे आहोत ही माहिती मात्र बालेकिल्ल्यातच ठेवावी. खात्याला कुलूप लावावे. दुसऱ्याचा फोटो टाकण्यापूर्वी त्याला विचारावे. आणि कुणी खोटे खाते उघडलेच, तर त्या पानाचे छायाचित्र पुरावा म्हणून ठेवून आधी इन्स्टाग्रामकडे आणि मग पोलिसांकडे तक्रार करावी. दुसऱ्याची ओळख चोरणाऱ्याला त्याच कायद्याच्या ६६क कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्याही तक्रार नोंदवता येते. हे मैत्रिणीच्या वडिलांना कुणी वेळेवर सांगितले असते, तर त्यांनी कॉलेजऐवजी पोलीस ठाण्याची वाट धरली असती, असे मला वाटते. त्यांनी राग केला तो भीतीपोटी.

शेवटी आम्ही तिघीजणी त्यांच्या घरी गेलो, बाईंनी फोनवर समजूत घातली आणि दीड महिन्याने ती परत आली. अभ्यास तिने भरून काढला. पण यंदा या वार्षिकासाठी वर्गाचा फोटो काढताना ती हळूच बाजूला झाली. वाचकहो, त्या फोटोत आम्ही सर्वजण आहोत, ती नाही. पुढच्या वर्षी ती आमच्यात उभी राहील असे आपण वागू या.