मैदानावरच्या गोष्टी : करंडक एकाचा, खेळ अकरांचा



आमच्या शाळेत नुकत्याच क्रीडास्पर्धा झाल्या. चौथीच्या मुलींनी खो-खो जिंकला. ‘उत्कृष्ट खेळाडू’चा पेला मिळाला तो सूर मारून गडी बाद करण्यात पटाईत असलेल्या मुलीला. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी हजेरी घेत होते, तर त्याच संघातली एक मुलगी फुरंगटून बसलेली.

“काय गं, काय झालं?”

“बाई, मी वेळेवर खो दिला म्हणून तिला गडी मिळाला ना? मग पेला एकटीलाच कसा?”

खरं सांगते, मला पटकन उत्तर सुचलं नाही. कारण निवड करणाऱ्यांत मीही होते! मग मला आठवण झाली एका करंडकाची. त्याच्यावरून तिकडे अमेरिकेत दरवर्षी अस्साच वाद रंगतो. त्याचं नाव हाइझमन करंडक. कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्या हजारो मुलांमधून त्या हंगामातला सर्वांत उत्तम खेळाडू निवडायचा आणि डिसेंबरात न्यूयॉर्कला बोलावून त्याला हा करंडक द्यायचा.

थांबा हं, हा फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. अमेरिकेतला फुटबॉल बहुतेक हातानंच खेळतात! चेंडू लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता. एका बाजूला अकरा जण. चेंडू काखोटीला मारून पळायचं किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा आणि चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर पुढे सरकायचं. समोरचे अकरा जण अंगावर कोसळून अडवणार. कबड्डीत पकड झाल्यावर चढाई करणारा मधली रेषा गाठायला कसा जिवाच्या आकांतानं रेटतो, ते डोळ्यांपुढे आणा.

हा करंडक पहिल्यांदा दिला 1935 साली, न्यूयॉर्कच्या डाउनटाउन अ‍ॅथलेटिक क्लबनं. तो मिळाला शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरला. जॉन हाइझमन हे नावाजलेले प्रशिक्षक त्या क्लबचे क्रीडा-संचालक होते. 1936 मध्ये ते वारले आणि करंडकाला त्यांचं नाव मिळालं. गंमत म्हणजे बरवँगरनं आपला करंडक मावशीकडे ठेवला होता म्हणे, आणि मावशीबाई तो दार अडवायला वापरायच्या! ब्राँझचा चांगला जड पुतळा, दार हलेल कशाला?

या पुतळ्याचीही एक गोष्ट आहे. डाव्या हातात चेंडू आवळून धरलेला आणि उजवा हात पुढे ताठ करून अडवणाऱ्याला दूर ढकलणारा एक खेळाडू त्यात दिसतो. तो घडवला फ्रँक एलिस्कू नावाच्या तरुण शिल्पकारानं. त्याच्यासमोर तसा उभा राहिला होता न्यूयॉर्क विद्यापीठाचा खेळाडू एड स्मिथ. आपला पुतळा पुढे कुठे गेला याचा स्मिथला पत्ताच नव्हता. जवळजवळ पन्नास वर्षांनी, 1982 मध्ये, त्याला कळलं, की देशातल्या या एवढ्या मोठ्या करंडकावर आपणच उभे आहोत! मग 1985 मध्ये क्लबनं त्यालाही एक करंडक दिला.

आता निवड कशी होते ते पाहू. देशभरातले शेकडो क्रीडा-पत्रकार मतं देतात. शिवाय हा करंडक पूर्वी जिंकलेल्या खेळाडूंनाही मत असतं. प्रत्येकानं तीन नावं क्रमानं लिहायची. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. बेरीज ज्याची जास्त, तो जिंकला. सोपं आहे ना? पण मतं देणारी शेवटी माणसंच. 1956 साली करंडक मिळालेल्या पॉल हॉर्नंगच्या संघानं दहांपैकी आठ सामने गमावले होते. आणि सिरॅक्यूज विद्यापीठाचा जिम ब्राउन, ज्याला पुढे त्या खेळातला एक थोर खेळाडू मानलं गेलं, तो मतदानात पाचवा आला. ब्राउन काळा होता. तोवर एकाही काळ्या खेळाडूला हा मान मिळाला नव्हता.

तो मिळाला 1961 साली, त्याच सिरॅक्यूजच्या एर्नी डेव्हिसला. ब्राउनचाच 44 नंबर त्याच्या पाठीवर होता. एर्नी बारा वर्षांचा होईपर्यंत आजी-आजोबांकडे वाढला, मग आईबरोबर एल्मायरा या गावी आला. लहानपणी तो बोलताना अडखळायचा. मैदानात मात्र त्याला अडवणं महाकठीण. 1 जानेवारी 1960 ला डॅलस शहरात टेक्सस विद्यापीठाविरुद्ध मोठा सामना झाला. सिरॅक्यूज जिंकलं आणि सामन्यातला उत्कृष्ट खेळाडू ठरला एर्नी. आणि त्याला काय सांगण्यात आलं, माहीत आहे? बक्षीस घ्यायला मेजवानीला ये आणि मग निघून जा! त्या काळी तिथे काळ्यांनी गोऱ्यांच्या पंगतीला बसायचं नाही, असा रिवाज होता. ज्याच्या खेळाला टाळ्या वाजवल्या त्यालाच दार दाखवायचं. पंगतीतून उठवणं ही गोष्ट आपल्याकडच्या थोरामोठ्यांनाही सांगून कळवावी लागणार नाही. त्याबद्दल आजोबांना जरूर विचारा.

दोन वर्षांनी हाइझमन करंडक घ्यायला एर्नी न्यूयॉर्कला गेला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष केनेडी शहरात होते. त्यांनी त्याला मुद्दाम भेटायला बोलावलं. पुढे क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघानं त्याला घेतलं. आता ब्राउन आणि डेव्हिस एकाच संघात, म्हणून लोक वाट बघत होते. आणि 1962 च्या उन्हाळ्यात कळलं, की एर्नीला रक्ताचा कर्करोग आहे. तो व्यावसायिक सामना एकही खेळू शकला नाही. 18 मे 1963 ला तो गेला. वय अवघं तेवीस. क्लीव्हलँड संघानं त्याचा 45 नंबर पुन्हा कुणाला दिला नाही. एल्मायराच्या ज्या दफनभूमीत तो विसावला आहे, तिथेच मार्क ट्वेनचीही समाधी आहे. हो, तेच ते, टॉम सॉयरवाले.

त्याच आजाराशी झुंजणाऱ्या एका छोट्या मुलाचंही नाव या करंडकाशी जोडलेलं आहे. 1973 साली पेन स्टेट विद्यापीठाचा जॉन कॅपेलेटी जिंकला. समारंभात बोलायला उभा राहिला आणि बोलता बोलता रडू लागला. त्याचा धाकटा भाऊ जोई समोर बसला होता, अकरा वर्षांचा. जॉन म्हणाला, की आपली झुंज फक्त हंगामातल्या शनिवारची, जोईची मात्र वर्षभर, रोजची. आणि तो करंडक त्यानं जोईला अर्पण केला. सभागृहात कोरडे डोळे शोधून सापडले नसते. जोई 1976 मध्ये गेला.

सगळ्याच गोष्टी अशा नाहीत बरं का. 2005 चा विजेता रेजी बुश. कॉलेजात असताना त्यानं आणि घरच्यांनी नियमाबाहेर पैसे आणि भेटी घेतल्या असं ठरलं आणि 2010 मध्ये करंडक सोडावा लागला. तो दुसऱ्या कुणालाही दिला नाही. मग 2021 मध्ये नियमच बदलले, कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवायची मुभा मिळाली, आणि 2024 मध्ये बुशला करंडक परत दिला. मला विचाराल तर हे काही पटत नाही. तेव्हाचा नियम तेव्हा होताच की! पण आमच्या घरात यावर दोन तट पडले आहेत. तुमच्याही घरी पाडून बघा.

आता आमच्या फुरंगटलेल्या बाईंकडे वळू. कॅपेलेटी जिंकला, त्या 1973 साली दुसरा कोण आला होता, ठाऊक आहे? जॉन हिक्स. तो चेंडू घेऊन पळणारा नव्हे. पळणाऱ्यासाठी धक्के खाऊन वाट मोकळी करणारा. अशा वाट करून देणाऱ्या पाच जणांची एक भिंत प्रत्येक संघात असते. चेंडू त्यांच्या हाती सहसा येत नाही, त्यामुळे लोकांचे डोळेही तिकडे जात नाहीत. 1935 पासून आजवर त्या भिंतीतल्या एकालाही हाइझमन करंडक मिळालेला नाही. अगदी जवळ पोचलेल्यांतला एक म्हणजे हा हिक्स. भिंतीतल्या खेळाडूंसाठी 1946 पासून आउटलँड नावाचा वेगळा करंडक देतात. हिक्सला त्या वर्षी तो मिळाला.

हे सगळं मी वर्गात सांगितलं. आमची मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे बाई, तिकडेही खो देणाऱ्यांची हीच गत!”

मग आम्ही एक केलं. पेला शाळेच्या कपाटात ठेवलाय, त्याच्याखाली एक कागद चिकटवायचा ठरवला. खेळलेल्या नऊ आणि राखीव तीन, अशा बारा जणींची नावं त्यावर लिहायची. लिहायचं काम तिनंच मागून घेतलं. दुपारी कागद बघितला. अक्षर छान, नावंही बाराच्या बारा बरोबर. फक्त स्वतःचं तेवढं सर्वांत वर, लाल शाईनं, आणि इतरांच्या दुप्पट मोठं!