कॉलरच्या आकड्यात न मावणारा माणूस

मी औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. कोल्हापूर, जयसिंगपूर, इचलकरंजी हा माझा भाग. दिवसभर मोटरसायकल, नाहीतर डॉक्टरांच्या केबिनबाहेरचं बाकडं. पूर्ण बाह्यांचा, इन केलेला शर्ट ही आमच्या धंद्याची सक्ती. तो चुरगळलेला असला तर डॉक्टर आधी शर्टाकडे बघतात आणि मग आमच्याकडे. माझी उंची पाच फूट दहा इंच, वजन छप्पन किलो, छाती 35 इंच. पैलवानांच्या या मुलुखात अशा अंगकाठीला काडीपैलवान म्हणतात. म्हणोत. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली ज्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, जिथं आजही मागांचा खडखडाट ऐकत मी गल्ल्या पार करतो, त्या गावच्या दुकानात मला अंगाला बसणारा तयार शर्ट मिळत नाही.

दोष दुकानदाराचा नाही, आकड्याचा आहे. आपल्याकडच्या फॉर्मल शर्टावर 38, 39, 40, 42 असे जे नंबर असतात, ते सहसा कॉलरचं माप असतं, सेंटिमीटरमध्ये. छाती, शोल्डर, बाही, उंची हे बाकीचं सगळं कंपनीनं त्या एका आकड्याला बांधून टाकलेलं असतं. नंबर वाढला की सगळंच वाढणार, उतरला की सगळंच उतरणार. म्हणजे ज्याचा गळा बारीक त्याचे हात आखूडच असणार, असं गृहीत धरलंय. माझ्या गळ्याला 38 नेमका बसतो, पण बाही मनगटाच्या वर राहते. बाहीसाठी 42 घ्यावा, तर शोल्डरची शिवण दंडावर उतरते आणि कॉलरमध्ये मूठ जाते. इंग्लंड-अमेरिकेत फॉर्मल शर्टावर गळा आणि बाही असे दोन आकडे छापण्याची जुनी पद्धत आहे. शर्टाबरोबर टायसुद्धा आपण त्यांच्याकडूनच घेतला. हा दुसरा आकडा मात्र घेतला नाही.

मग ‘स्लिम फिट’ कशासाठी आहे, असं कुणीही विचारेल. बऱ्याच स्लिम फिट शर्टांत फक्त कमरेचा घेर कमी केलेला असतो. खरी मेख मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या घेरात असते. मुंढा खोल असला की हात वर केल्याबरोबर सगळा शर्ट पँटमधून उपसून बाहेर येतो. मोटरसायकलचं हँडल धरून तासभर गेलात की पाठीवर फुगा आणि पोटावर चुण्या ठरलेल्या. मुंढा काखेजवळ वर असेल तर हात हलतो आणि शर्ट जागेवर राहतो. काखेत काचेल या भीतीनं तयार शर्टात तो खोलच ठेवतात, कारण एकच शर्ट दहा तऱ्हेच्या खांद्यांना विकायचा असतो.

माझं स्पष्ट मत आहे की बारीक माणसाच्या शर्टावरच्या निम्म्याहून अधिक सुरकुत्या कापडाच्या नसतात, जादा कापडाच्या असतात. कंबरेशी दुमडून पँटीत कोंबलेलं कापड बसलं की मोडणारच. अशा शर्टावर ‘रिंकल फ्री’ची चिठ्ठी लावून काय उपयोग?

ही चिठ्ठी म्हणजे काय, तेही नीट समजून घ्यायला हवं. सुती धागा सेल्युलोजचा असतो. त्याच्या लांब साखळ्यांमधले बंध घामानं आणि उष्णतेनं सुटतात आणि कापड जसं दुमडलेलं असेल तसेच पुन्हा जुळतात. म्हणून घडी पडते. पाणी शिंपडून इस्त्री फिरवतो तेव्हा हीच क्रिया आपण सरळ कापडावर करतो. पाण्यानं न सुटणारे रासायनिक बंध या साखळ्यांमध्ये घालण्याच्या कामात अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधक रूथ बेनेरिटो यांचं नाव मोठं आहे. त्यांच्या संशोधनानं अनेक घरांतल्या बायकांची इस्त्री सुटली, त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण या प्रक्रियेत कापडाची ताकद बरीच घटते, म्हणून असे शर्ट कॉलरच्या घडीवर आणि कफच्या कडेला लवकर विरतात. हे बंध घालणाऱ्या नेहमीच्या रेझिनमधून थोडं फॉर्मल्डिहाइडही सुटतं. त्वचेला लागणाऱ्या कपड्यांसाठी ओको-टेक्स या प्रमाणपत्राची मर्यादा किलोमागे 75 मिलिग्रॅम आहे. नवा शर्ट धुऊनच घालावा, हे त्यामुळेच.

बारीक माणसाची खरी कोंडी पुढे आहे. यातले पुष्कळ शर्ट शिवून झाल्यावर भट्टीत तापवून पक्के करतात. कापडाला तो आकार कायमचा लागतो. मग ते ऑल्टर करायला नेले, की जुन्या शिवणीची रेघ इस्त्रीनंही जात नाही आणि नव्या शिवणीशी कापड गोळा होतं. म्हणजे सुरकुती नको म्हणून घेतलेला शर्ट अंगाबरोबर करायची वाटच बंद. टेरिकॉटचा पर्याय आहे. ते मोडत नाही, पण एप्रिलच्या उन्हात त्यातून घाम बाहेर पडत नाही, आणि आमचं काम उन्हातलंच.

म्हणून मी कापड घेऊन टेलरकडे जातो. बारीक पॉपलिनपेक्षा ट्विल घेतो. तिरक्या विणीचं हे कापड कमी मोडतं आणि मोडलं तरी लवकर सरळ होतं. पन्हा 58 इंच असेल तर एक मीटर साठ सेंटिमीटर पुरतं, उंच माणसानं थोडं जास्त घ्यावं. कापायच्या आधी कापड पाण्यातून काढायचं, म्हणजे आटायचं ते आधीच आटतं. टेलरला मी सांगतो: शोल्डरची शिवण हाडाच्या टोकाशी, मुंढा वर, छातीला अंगापेक्षा चार इंच सैल, पाठीत दोन टक्स, कफ मनगटाच्या हाडाखाली आणि खालची उंची भरपूर. तयार शर्टच घ्यायचा झाला तर साध्या सुती कापडाचा घ्यावा आणि शोल्डर, कॉलर, बाही या तीन गोष्टी बघाव्यात. कुशीतली शिवण आत घेता येते. शोल्डर उतरला असेल तर सगळी बाही उसवावी लागते, आणि ते काम हल्ली कुणी हातात घेत नाही.

कारण असं काम करणारे हातच कमी होत चालले आहेत. माझ्या टेलरचं दुकान त्याच्या मुलानं पुढे चालवायला घेतलेलं नाही. आयटीआयमध्ये शिवणकामाचा अभ्यासक्रम आहे; त्यातून बाहेर पडणाऱ्या मुला-मुलींनी ब्लाउजइतकंच मन लावून मुंढा कापायला शिकावं, असं मला फार वाटतं.

तयार कपड्यांसाठी भारतीय अंगांची मापं ठरवायला निफ्ट या फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला. सुमारे 25 हजार माणसांचं त्रिमितीय स्कॅनिंग, मुंबईसह देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या सहा शहरांत, अशी त्याची आखणी. त्यातून पुन्हा एकाच आकड्याची नवी पट्टी निघणार असेल तर आमच्यासारख्यांच्या पदरात काही पडणार नाही. शर्ट बनवणाऱ्यांकडे माझं एवढंच मागणं आहे: कॉलरच्या आकड्याशेजारी बाहीची लांबी छापा आणि प्रत्येक कॉलरला निदान दोन लांबीच्या बाह्या ठेवा. तोवर, नोकरीच्या पहिल्या मुलाखतीसाठी शर्ट शोधत हिंडणाऱ्या बारीक पोरांनो, गल्लीतला टेलर गाठा आणि मुंढा वर घ्यायला सांगा.